बिजली पळायची तेव्हा

मंगल आष्ट्याहून माहेरी आली होती जत्रेसाठी. पण आटपाडीकडच्या त्या गावात जत्रेआधी ग्रामसभा भरली. विषय एकच : कुत्र्यांची शर्यत ठेवायची की बंद करायची.

गेल्या साली शर्यतीत एका कुत्रीचा पाय मोडला आणि मालकानं तिला तशीच हमरस्त्यावर सोडून दिली. तेव्हापासून सांगलीचे प्राणिमित्र गावाच्या मागे लागले होते.

मंगलचा थोरला भाऊ धनाजी शर्यत कमिटीचा अध्यक्ष. तो उठला. "बैलं पळत्यात, घोडी पळत्यात. मग कुत्र्यानंच काय घोडं मारलंय? मेंढरामागं कुत्रं ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत हाय. आमच्या बिजलीला तर ह्या माज्या भणीनं पळवलीया. इचारा तिला."

मंगलला लहानपणीचा माळ दिसला. त्या टोकाला वडलांनी, बापूनं, धरलेली बिजली, ह्या टोकाला परकर-पोलक्यातली ती. तोंडाभोवती हात धरून ती ओरडायची, "ये बिजले!" लांब धुळीचा एक ठिपका उठायचा, मग कान दिसायचे, आणि बघता बघता बिजली छातीवर येऊन आदळायची. दोघी गवतात लोळायच्या. जिंकली काय, हरली काय, संध्याकाळी दुधात कुस्करलेली भाकरी ठरलेली. म्हातारी होऊन मेंढरांजवळच ती मेली, त्या दिवशी बापू जेवला नव्हता.

मंगल उभी राहिली. "दादा, तिचं पळणं लय देखणं हुतं. पर ती माज्याकडं पळायची. आता कुत्री यंत्रानं वडलेल्या सशाच्या कातड्यामागं पळत्यात, आन् पाय मोडला की त्यास्नी घर न्हाई. आपल्यात असं कवा हुतं?"

सरपंचांनी मत मागितलं. मग हात वर झाले आणि शर्यत बंद ठरली.

त्या रात्री धनाजी तिच्याकडं पाठ करून जेवला. वहिनी, रंगुबाई, दोघांना वाढत राहिली. जत्रा उरकून ती निघाली त्या सकाळी मात्र तिची पिशवी उचलून तो स्टँडपर्यंत आला.

"मला वाटलं, तू माज्याकडनं बोलशील."

"मलाबी तसंच वाटलं हुतं, दादा."

धनाजीनं रस्त्याकडं पाहिलं. "ल्हान असताना तुज्या परकरात झोपायची बिजली. पिवळीधमक पोरगी."

"पिवळी कुठली? मातकट हुती."

"मी धुतलीया तिला वड्यात. मला सांगतीस व्हय?"

एसटी येऊन उभी राहिली, कंडक्टरनं हाक मारली, तरी दोघं बिजलीच्या रंगावरून भांडतच होती.