दहा चव्वेचाळीस ते दहा त्रेपन्न

"मॅडम, हे विचारतंय, डिस्क फॉर्मॅट करायची का. हो म्हणू?"

सेक्रेटरींचं बोट बटणावर टेकलेलंच होतं. मी वॉचमनच्या केबिनच्या दारातूनच किंचाळले, "हात काढा! आधी हात काढा तिथून!"

आमच्या इमारतीचे सेक्रेटरी म्हणजे निवृत्त हेडमास्तर. त्यांच्यावर असं कुणी ओरडत नाही. ते दचकून उभे राहिले. मी त्यांच्या लॅपटॉपला जोडलेल्या त्या डिस्कचा करंट बंद केला, ती आतून फिरायची थांबेपर्यंत दहापर्यंत आकडे मोजले आणि मग दोन्ही हातांनी उचलली. घाई होती, पण फिरती डिस्क उचलायची नसते. एवढं भान कसं राहिलं कोण जाणे.

ती गेटवरच्या कॅमेऱ्याची डिस्क होती. दुपारचे बारा वीस झाले होते आणि माझी भाची पावणेदोन तास बेपत्ता होती.

भिंगरी सहा वर्षांची. खरं नाव शाळेच्या दप्तरी, घरात कुणी ते घेत नाही. ती आणि तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, तिसऱ्या मजल्यावर माझ्याकडेच राहतात. धाकटी नर्स आहे. सकाळी ती ड्यूटीवर गेली की सुट्टीच्या दिवसांत पोरगी माझ्या ताब्यात. तळमजल्यावर माझं दुकान आहे, बंद पडलेले लॅपटॉप आणि मेलेल्या हार्डडिस्क घेऊन लोक येतात. साडेदहाच्या सुमारास भिंगरीने टेबलावरून एका गिऱ्हाइकाची डिस्क उचलली आणि खाली पाडली. माझं डोकं फिरलं. "चालती हो इथून! तोंड दाखवू नकोस मला!" असं म्हणाले. ती गेली. जिन्याने वर गेली असेल असं मी धरून चालले. अकराला वर फोन केला तर कुणी उचलेना. वर गेले, घर रिकामं.

मग सगळी इमारत खाली उतरली. गच्ची झाली, जिने झाले, समोरचं मैदान झालं, कोपऱ्यावरची दुकानं झाली. हाका मारून मारून वॉचमनकाकांचा घसा बसला. पोलिसांना फोन गेला, ते म्हणाले कॅमेऱ्यात काय दिसतंय ते आधी सांगा. आणि कॅमेऱ्याचं यंत्र नुसतं टीं टीं करत होतं, पडद्यावर डिस्क एरर. तेव्हा हेडमास्तरांनी हुशारी केली. डिस्क बाहेर काढून लॅपटॉपला लावली.

विंडोजचं हे एक आहे. जी डिस्क त्याला वाचता येत नाही ती त्याला कोरीच वाटते. मला ही लिपी येत नाही, असं सरळ म्हणेल तर शपथ. उलट तेच विचारणार, पुसून देऊ का? आणि आपली माणसं विचारल्याचा मान राखून हो म्हणतात.

"म्हणजे तिच्यात आहे सगळं?" हेडमास्तर माझ्या मागे धावत म्हणाले.

"तुमच्या कृपेने अजून आहे."

दुसऱ्या मजल्यावरची आर्किटेक्ट बाई तिचा मॅक घेऊन दुकानाच्या दारात उभी होती. "याच्यावर लावून बघू या का?"

"त्याच्यावर लावली तर तो तीन गोष्टी विचारेल. बाहेर काढू, दुर्लक्ष करू, की नव्याने तयार करू. नव्याने तयार करणं म्हणजे पुसणंच, फक्त जरा सभ्य शब्दांत. बाजूला व्हा."

बोलू नये असं बोलत होते मी सगळ्यांशी. पण थांबले असते तर रडायला लागले असते, आणि मला रडून चालणार नव्हतं.

माझ्याकडे लिनक्सचं एक जुनं मशीन आहे. कॅमेऱ्याची ही यंत्रं बहुतेक त्याच वळणाने लिहितात, त्यामुळे त्याला ते वाचता येतं. मी डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडली, तिच्यावर एक अक्षरही लिहिलं जाणार नाही अशी. फोल्डर दिसले. आजची तारीख दिसली. अर्ध्या अर्ध्या तासाची एकेक फाईल. साडेदहा ते अकरा, ही आपली. माझ्या जिवात जीव आला.

आणि डिस्क वाजली. टक्. टक्. टक्.

हा आवाज मी वीस वर्षं ऐकते आहे. आतलं वाचणारं डोकं एका जागी अडखळतं, मागे जातं, पुन्हा येतं. गिऱ्हाइकांसमोर मी हा आवाज ऐकून तोंड वाकडं करते आणि म्हणते, आशा सोडा. त्या दिवशी मीच त्या डिस्कला म्हणाले, अजून थोडा वेळ तग धर. मशीनने तोंडावर सांगितलं, अमुक जागेपासून तमुक जागेपर्यंत वाचता येत नाही.

"दुरुस्तीची काहीतरी सोय असते ना?" हेडमास्तर म्हणाले. "रिपेअर वगैरे?"

"ती लिहिते. शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसाला उठवून घर आवरायला लावायचं का? आधी जे हाताला लागतंय ते उतरवून घ्यायचं."

मी कॉपीचा प्रोग्रॅम लावला. तो चांगल्या जागा आधी घेतो, खराब जागेवर अडून न बसता पुढे जातो आणि काय राहिलं ते टिपून ठेवतो. आख्खी डिस्क घ्यायला पाच तास लागले असते. मी तेवढी अर्ध्या तासाची फाईल घेतली.

तेवढ्यात धाकटी आली. हॉस्पिटलच्या गणवेशातच, एका पायात चपलेचा पट्टा तुटलेला. तिने मला धरून हलवलं. "ताई, तू होतीस ना तिच्याजवळ? तू होतीस ना?"

"होते गं," मी म्हणाले.

फाईल उघडली. गेट, अंगणाचा पट्टा, डावीकडे पंपाच्या खोलीचं दार. दहा एक्केचाळीसला गेटबाहेर एक करड्या रंगाची गाडी येऊन थांबली. कुणी उतरलं नाही. दहा चव्वेचाळीसला भिंगरी आली. पिवळा फ्रॉक. मनगटाने डोळे पुसत सरळ गेटकडे चालत निघाली. गेटपासून चारेक पावलांवर आली आणि चित्र फुटलं. नुसते चौकोन, हिरवे, राखाडी. मग काळं. चित्र परत आलं तेव्हा कोपऱ्यात दहा त्रेपन्न होते. अंगण रिकामं. गाडी नव्हती.

धाकटीच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला पुन्हा ऐकायचा नाही.

दुकानातली सगळी माणसं एकदम बोलायला लागली. हेडमास्तरांनी पोलिसांना फोन लावला, करडी गाडी, करडी गाडी, नंबर दिसत नाही. आर्किटेक्ट बाई आणि वॉचमनकाका रस्त्यावरच्या दुकानदारांना विचारायला पळाले. दोन मिनिटांत दुकानात आम्ही दोघी उरलो, आणि फोनवर ओरडणारे हेडमास्तर.

"ती कुणाच्या गाडीत बसायची नाही," धाकटी स्वतःशीच म्हणत होती. "अनोळखी माणसाला नावसुद्धा सांगत नाही ती. ताई, ती रडत का होती?"

मी की-बोर्डकडे बघत सांगितलं, "मी ओरडले तिच्यावर. चालती हो म्हटलं."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नुसती बघत राहिली. मला वाटलं, हिने मला एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

नऊ मिनिटं डिस्कवर होती, पण खराब पट्ट्यात. त्या पट्ट्यावर पुन्हा डोकं फिरवायचं म्हणजे डिस्क कायमची जायचा धोका. मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली तर ते उघडून काढतात, आठवडा लागतो. इतर कुणाची असती तर मी हात लावला नसता. दर वेळी गिऱ्हाइकाला हेच सांगते, आता हात लावू नका. आणि माझाच हात एंटरच्या बटणावर होता. चुकले तर त्या गाडीचा नंबरही गेला, पोरीचा मागही गेला, आणि तो माझ्याच हाताने.

"लाव," धाकटी म्हणाली.

पुढून जाताना डिस्क अडखळत होती, म्हणून मी प्रोग्रॅमला उलटीकडून जायला सांगितलं, शेवटाकडून सुरुवातीकडे. कधी कधी उलट जाताना खराब जागेच्या अगदी काठापर्यंत हाती लागतं. टक्. टक्. मग थोडी शांतता. मग एक तुकडा आला.

दहा बावन्न. रिकामं अंगण.

दहा एक्कावन्न. सकाळी बोलावलेला प्लंबर पंपाच्या खोलीबाहेर आला, दार ओढलं, कुलूप लावलं, पिशवी उचलून गेटबाहेर गेला. मी ते बघितलं आणि सोडून दिलं. मला गाडी हवी होती.

टक्. टक्. टक्. धाकटीने माझा दंड धरला होता, तिची नखं रुतत होती, मी तिला काही म्हणाले नाही.

दहा अठ्ठेचाळीस. गाडी निघाली. समोरच्या इमारतीतल्या म्हाताऱ्या आजी काठी टेकत येऊन तीत बसल्या होत्या. आजी, चालवणारा त्यांचा मुलगा, बस्स. मागची काच उघडी, मागची सीट रिकामी.

"नाहीये! ती नाहीये त्यात!" धाकटी ओरडली. हेडमास्तरांनी फोनवरचं बोलणं अर्धवट सोडलं.

"मग गेटबाहेर कधी गेली?" ते म्हणाले.

दहा सत्तेचाळीस. रिकामं अंगण, पंपाच्या खोलीचं दार अर्धवट उघडं. गेटमधून कुणी गेलं नाही.

दहा शेहेचाळीस यायला फार वेळ लागला. डिस्क आतून घासल्यासारखी वाजली. मी दात आवळून बसले. तुकडा आला, जेमतेम वीस सेकंदांचा. भिंगरी गेटला पाठ करून उभी होती. तिने दुकानाकडे पाहिलं, म्हणजे माझ्याकडे. प्लंबर तेव्हा बाहेरच्या नळापाशी वाकून बादली भरत होता, त्याची पाठ होती तिच्याकडे. ती वळली आणि पंपाच्या खोलीत शिरली.

त्यानंतर डिस्कने एक बारीक शीळ घातली आणि ती गप्प झाली. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

"त्या दाराला कुलूप होतं," हेडमास्तर म्हणाले, "म्हणून आम्ही तिकडे..." त्यांनी खिशातलं किल्ल्यांचं जुडगं चाचपलं. मग म्हणाले, "प्लंबर टाकीचा कॉक बदलायला आला होता. झाकण काढून."

आम्हा तिघांनाही माहीत होतं, पंपाच्या खोलीत जमिनीखालची टाकी आहे. सात फूट खोल.

किल्ली हेडमास्तरांच्या जुडग्यात होती. ते पळत होते, मी त्यांच्या पुढे, धाकटी माझ्या पुढे, एक चप्पल टाकून. कुलपाला किल्ली लागेना. दुसरी. तिसरी. "अहो, करा ना लवकर!" मी त्यांच्या पाठीवर बुक्के मारत होते. मी नुसतं नको, नको, नको म्हणत होते.

दार उघडलं. आत काळोख, ओल्या सिमेंटचा वास. टाकीचं झाकण अर्धंच ओढलेलं होतं, त्या फटीतून सहा वर्षांचं पोर सहज जाईल. मी पालथी पडून आत डोकं घातलं. हेडमास्तरांनी माझ्या खांद्यावरून मोबाईलचा उजेड टाकला. पाणी. काळं, स्थिर पाणी. मी हात घातला, खांद्यापर्यंत घातला, इकडे तिकडे फिरवला. काही लागलं नाही. मी तिच्या नावाने हाक मारली, खऱ्या नावाने, आणि टाकीतून माझाच आवाज परत आला.

"ताई," धाकटी म्हणाली. "ताई, इकडे."

पंपाच्या मागे, भिंत आणि पाइप यांच्या सांदीत भिंगरी बसली होती. गुडघे पोटाशी घेऊन. कोरडी. टक्क जागी. उजेड डोळ्यांवर पडला तरी तिने डोळे मिटले नाहीत.

हेडमास्तर तिच्यासमोर उकिडवे बसले. "अगं बाळा," ते म्हणाले, "आम्ही एवढ्या हाका मारल्या, तुला ऐकू नाही आल्या?"

"आल्या."

"मग ओ का नाही दिलीस?"

ती माझ्याकडे बघत होती.

रडू फुटलं होतं, हसूही येत होतं, पाणी दंडावरून ओघळत होतं. मी गुडघ्यांवर पुढे सरकले, "ये गं माझी राणी" म्हणाले आणि तिला जवळ घ्यायला हात उचलला.

तिने झटकन कोपर वर केलं, मान खाली घातली आणि गाल झाकून घेतला. एका क्षणात, अगदी सरावाने. हात कुठल्या बाजूने येतो हे तिला नेमकं माहीत होतं.

मोबाईलचा उजेड तिच्यावरच होता. धाकटीने ते पाहिलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं, माझा हात अजून वरच होता. ती आम्हा दोघींच्या मधे आली, पोरीला उचलून कडेवर घेतलं आणि बाहेर घेऊन गेली.