सौद्यात घातलेला भाऊ

माझे बाबा दुकानांच्या पाट्या रंगवतात आणि उरलेला जीव फुटबॉल क्लबावर टाकतात. गोलपोस्टमागच्या स्टँडमध्ये त्यांची जागा ठरलेली. आई तापानं फणफणलेली असो की घरातला गॅस संपलेला असो, सामना म्हणजे सामना. त्याच क्लबात माझा धाकटा भाऊ बचाव फळीत खेळायला लागला, तेव्हा बाबांचे पाय जमिनीवर ठरेनात. गल्लीतल्या कुत्र्याला तेवढं सांगायचं राहिलं असेल.

गेल्या मोसमात क्लब हरत सुटला. गोल करणाराच कोणी नव्हता. बाकीचे क्लब खेळाडूंवर पाण्यासारखा पैसा ओतत होते आणि आमचा मालक खिशात हात घालायला तयार नव्हता. आपण खालच्या लीगमध्ये ढकलले जाणार, या धास्तीनं बाबांच्या टोळक्याची झोप उडाली. शेवटी बाबांनी हातातली कामं बाजूला सारली आणि फलक रंगवायला घेतला. खडूची दोरी मारून ओळी आखल्या, चपटा ब्रश काढला, अक्षरांना सावली दिली. 'तिजोरी उघडा, गोल करणारा आणा!'

धाकटा दारात उभा राहून हसत होता. "बाबा, मालक चिडला तर मलाच हाकलेल हं!"

"तुला? मग मागे सांभाळणार कोण?" बाबा ब्रश न थांबवता म्हणाले.

फलक इतका देखणा झाला, की पेपरवाल्यांनी त्याचे फोटो छापले. टोळक्यानं तो मालकाच्या गाडीपुढे धरला. मालकाची पार छी-थू झाली आणि थोड्याच दिवसांत गोल करणारा आला.

सौदा काय झाला ते आम्हाला बातम्यांतून कळलं. त्या खेळाडूच्या क्लबानं सांगितलेली किंमत मालकाला झेपत नव्हती. मग निम्मे पैसे रोख आणि उरलेल्या निम्म्यांच्या जागी माझा भाऊ. नाही म्हणालास तर मोसमभर बाकावर बसवू, असं त्याला आधीच ऐकवलं होतं.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," आई एवढंच बोलली. मी मात्र तोंड सोडलं. "रंगवा आणखी! सावलीबिवली द्या अक्षरांना!"

तेवढ्यात टोळक्यातला बेकरीवाला केक घेऊन हजर. "अभिनंदन! गोल करणाऱ्याच्या निम्मी किंमत आली आपल्या पोराला, चेष्टा आहे का!" बिचारा मनापासून बोलत होता. तो केक त्याच्याच डोक्यात घालावा असं मला वाटलं.

निघताना धाकट्यानंच बाबांची समजूत घातली. "मनाला लावून घेऊ नका. इथे खेळायला येईनच की."

"त्या दिवशी मी फक्त तुझा," बाबा म्हणाले.

तो दिवस आला तेव्हा मीही बाबांबरोबर गेले. क्लबाची जर्सी घरी ठेवून ते साध्या शर्टात आले होते. धाकट्यानं चेंडू अडवला की त्या सगळ्या स्टँडमध्ये एकटे तेच टाळ्या वाजवायचे. लोक वळून वळून बघत होते, पण त्यांना फिकीर नव्हती. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

सामना संपत आला तरी गोल नव्हता. मग चेंडू त्या नव्या गोल करणाऱ्याकडे आला. धाकटा आडवा धावला, चकला, पडला. चेंडू जाळीत गेला आणि स्टँड उसळलं. माझ्या शेजारी बाबाही उसळले होते. दोन्ही हात वर, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. आयुष्यभराची सवय ती, विचारून थोडीच येते!

धाकटा समोरच गवतावर बसला होता आणि बाबांकडेच बघत होता.

बाबांचे हात खाली आले. "अरे, नाही रे... धाकट्या!" त्या गोंगाटात ते मलाच जेमतेम ऐकू आलं. तो उठला, गुडघे झटकले आणि मधल्या रेषेकडे गेला. माझं काळीज तुटलं. दोघांसाठीही.

सामन्यानंतर आम्ही खेळाडूंच्या बसपाशी थांबलो. त्यानं मला जवळ घेतलं, आईची चौकशी केली. बाबांनी त्याचा दंड धरला.

"चांगला होता गोल, बाबा," तो म्हणाला. मग त्यानं हलकेच दंड सोडवून घेतला आणि बसमध्ये चढला.