बेचाळीस नंबरचा स्टॉल

"आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया थांबा," असं फोनमधली बाई अकराव्यांदा म्हणाली, तेव्हा वेतवालीच्या हातातल्या टोपलीचं बूड विणून संपलं होतं आणि भिंती चढायला लागल्या होत्या.

"थांबलेच आहे गं बाई," ती फोनकडे न बघताच म्हणाली. "पळून कुठे चाललेय?"

वेत भिजत घातलेल्या टबाशेजारी एका स्टुलावर तिने फोन ठेवला होता, आवाज मोठा करून. त्यातून एकच धून पुन्हा पुन्हा वाजत होती. आतून सून ओरडली, "आई, ती रेकॉर्ड आहे. तिला कसली उत्तरं देताय?"

"रेकॉर्ड निदान बोलते तरी. त्या ऑफिसातली माणसं तेवढंही बोलत नाहीत."

भिंती निम्म्या झाल्या आणि फोन आपोआप बंद पडला. वेतवालीने पुन्हा लावला. टोपली पुरी झाली, कडीही लागली, पण पलीकडे जिवंत माणूस काही आलं नाही. हस्तकलेचं प्रदर्शन सतरा दिवसांवर आलं होतं, आणि आपला स्टॉल कुठे, माल कधी उतरवायचा, गाडी कुठल्या फाटकातून न्यायची, यातलं काही म्हणजे काही तिला ठाऊक नव्हतं. आलेल्या पत्रात एवढंच होतं : 'स्टॉल क्रमांक व इतर तपशील यथावकाश कळवण्यात येतील.'

त्या 'यथावकाश'वर तिचा फार राग. सोळा वर्षं ती या प्रदर्शनाला जात होती आणि सोळा वर्षं हा शब्द तिला छळत होता. एका वर्षी हॉल बदलला आणि ते कुणी कळवलंच नाही. तिने जुन्या हॉलमध्ये अर्धा माल मांडला, तोवर तिथे दातांच्या डॉक्टरांचं संमेलन सुरू झालं. दोन डॉक्टर टोपल्या घेऊन गेले, तेवढीच विक्री. एका वर्षी 'टेबलं आपापली आणावीत' असं कळवलं, म्हणून सगळ्यांनी आणली. तिथे पोचल्यावर कळलं, आयोजकांनीही दिली आहेत. इतकी टेबलं झाली की गिऱ्हाइकाला उभं राहायला जागा नव्हती. विचारायला जावं तर हा म्हणतो त्याला विचारा, तो म्हणतो साहेबांना विचारा, आणि साहेब कायमचे मीटिंगमध्ये.

अशा वेळी शेजारच्या स्टॉलवरचा कातारी शांतपणे म्हणायचा, "ताई, कशाला रक्त आटवताय? यांनी काही कळवलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजायचं."

कातारी हा सत्तरीला टेकलेला, काटकुळा माणूस. लेथवर लाकूड कातून भोवरे, चमचे, बुद्धिबळाच्या सोंगट्या करायचा. चार-चार दिवस लेथपासून लांब असला तरी त्याच्या भुवयांत लाकडाचा भुसा असायचाच. पहिल्या वर्षी नंबर लागले तेव्हा हिचा एक्केचाळीस आणि त्याचा बेचाळीस. तेव्हापासून हॉल बदलले, तारखा बदलल्या, पण दोघांनी अर्जावर 'मागच्यासारखंच शेजारी' असं लिहायचं सोडलं नाही, आणि का कोण जाणे, ऑफिसने तेवढं मात्र दर वर्षी ऐकलं.

त्याच्यात एकच खोट होती. त्याला गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणता येत नसे. वेतवाली जरा हात धुवायला गेली की तो तिची टोपली निम्म्या किमतीला देऊन मोकळा.

"अहो दादा, हे काय केलंत?"

"फार आवडली होती हो त्यांना."

"मलाही आवडते. म्हणून काय मी फुकट वाटते?"

मग तो जेवायला गेला की ती त्याचे भोवरे दीडपटीने विकून दाखवायची. शेवटी ठरलं, की तिने दोघांचं विकायचं आणि त्याने फक्त पोरांना भोवरा फिरवून दाखवायचा. दोघंही त्यात खूश होती.

वर्षातले चार दिवस, म्हणजे सोळा वर्षांत चौसष्ट. एवढीच काय ती ओळख. त्याचं गाव तिने एकदा ऐकलं होतं आणि विसरली होती. एक मुलगी आहे, बायको बरीच वर्षं झाली गेली, एवढं माहीत होतं. फोन नंबर घ्यावा असं कधी सुचलंच नाही. सामान बांधून झालं की दोघं म्हणायची, "पुढच्या वर्षी." तेवढा पत्ता पुरायचा.

तिसऱ्या दिवशीही फोन लागला नाही, तेव्हा वेतवालीने पायात चपला सरकवल्या.

"कुठे निघालात?" सुनेने विचारलं.

"यथावकाश काढायला."

ऑफिस एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर होतं. दाराला काच, काचेला टेपने जोडलेली भेग. आत पाच टेबलं आणि माणूस एक. चाळिशीचा कारकून, खिशात तीन पेनं, कानाशी फोन, आणि समोर दुसरा फोन वाजतोय. वेतवाली खुर्ची ओढून बसली. त्याने फोन ठेवल्याबरोबर तिने सुरुवात केली.

"तुमच्या त्या रेकॉर्डवाल्या बाईला सांगा, तिच्या नादात माझ्या चार टोपल्या विणून झाल्या. धन्यवाद म्हणावं तिला."

कारकुनाने चष्मा काढून डोळे चोळले. "ताई, स्टॉल कितवा?"

"तेच तर विचारायला आलेय!"

"हो, बरोबर," तो म्हणाला आणि अगदी ओशाळून हसला. "काय सांगू ताई, मलाच इथे कुणी काही सांगत नाही. नकाशा काल संध्याकाळी माझ्या हातात आला. साहेब परगावी. एकशे तीस स्टॉल, आणि फोन उचलायला मी एकटा. लोक मला शिव्या देतात, ते बरोबरच आहे. पण मी कुणाला देऊ?"

वेतवाली भांडायची पुरी तयारी करून आली होती. पण समोरचा माणूस आधीच हरलेला असला की भांडणाची मजाच जाते. ती म्हणाली, "बरं, तो नकाशा तरी दाखव."

तिच्याही नकळत ती 'अहो'वरून 'अरे'वर आली होती, आणि त्याला ते बरं वाटलेलं दिसलं. त्याने नकाशा पसरला. एक्केचाळीस, वेताचं काम. दाराजवळचा कोपरा. झकास जागा.

"आणि बेचाळीस? कातारीदादाच ना?"

"लाकडी वस्तू व खेळणी. हो, तेच. यादी मागच्या वर्षीचीच धरलीय."

"मग झालं तर!" ती खुर्चीत सैल झाली. "त्यांना कळवलंस का पण? नाहीतर जाऊन बसतील दातांच्या डॉक्टरांत."

"त्यांचं काही पत्र आलंय का बघतो." कारकून उठला. खिडकीशी एका ट्रेमध्ये पत्रांची चळत होती, बरीचशी न उघडलेली. तो एकेक पाकीट चाळत गेला. एकावर पाठवणाऱ्याच्या जागी 'कातारकाम' असं लिहिलेलं होतं. त्याने ते फोडलं, उभ्या उभ्याच वाचलं, आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"काय म्हणतात?" वेतवालीने विचारलं.

त्याने पत्र तिच्यापुढे ठेवलं.

अक्षर बाईमाणसाचं होतं. 'माझे वडील गेल्या महिन्यात वारले. ते आपल्या प्रदर्शनात दर वर्षी बेचाळीस नंबरला बसत असत. यापुढे त्यांची जागा दुसऱ्या कुणाला द्यावी. एक विनंती आहे. त्यांच्या शेजारी वेतकाम करणाऱ्या ताई बसतात. त्यांचा पत्ता आमच्याकडे नाही. त्यांना आपण कृपया लवकर कळवावं.' खाली फोन नंबर होता. वर तारीख होती, पाच महिन्यांपूर्वीची.

वेतवालीने पत्राची घडी घातली, मग ती पुन्हा उघडली. दोन्ही फोन वाजत होते. कारकुनाने एक उचलून खाली ठेवला आणि दुसऱ्याची वायर काढून टाकली.

"ताई," तो म्हणाला, "हे माझ्या... मी बघायला हवं होतं. रोज म्हणायचो, उद्या बघू."

ती त्याला खूप काही बोलू शकली असती. सोळा वर्षांचं साठलेलं होतं. पण त्या क्षणी तिला त्यातलं एक वाक्य आठवेना.

"ती वायर लाव परत," ती म्हणाली. "आणि हा नंबर फिरव. मला आकडे नीट दिसत नाहीयेत."

पलीकडे दुसऱ्याच घंटेला फोन उचलला गेला.

"मी... वेतवाली बोलतेय. प्रदर्शनातली."

कातारीची मुलगी म्हणाली, "ताई? तुम्हीच का? बाबा प्रदर्शनाहून आले की आठवडाभर तुमचंच सांगायचे. गिऱ्हाइकाशी तुम्ही कसं भांडता ते करून दाखवायचे, अगदी कमरेवर हात ठेवून."

"काही भांडत नाही मी," वेतवाली म्हणाली आणि तिला हुंदका आला. "काय झालं गं त्यांना?"

"झोपेतच गेले. आदल्या दिवशीपर्यंत लेथवर होते." मग ती म्हणाली, "राग नका मानू, पण मी रोज वाट बघत होते. वाटायचं, ताईंचा फोन येईल. आला नाही तेव्हा वाटलं, असेल चार दिवसांची ओळख. आपणच जास्त समजत होतो."

वेतवालीने डोळे मिटून घेतले. "बाळा, मला आत्ता कळलं. अर्धा तास नाही झाला. कळलं असतं तर मी आधी आले असते, फोन मागून केला असता."

"खरंच?"

"तुझ्या बाबांची शप्पथ."

मग मुलगी मोकळेपणी रडली. वेतवाली फोन धरून नुसती "हो गं, हो" म्हणत राहिली. कारकून भिंतीकडे तोंड करून एका फाइलीत काहीतरी शोधत होता, जे त्यात नव्हतं. शेवटी तिने मुलीचा पत्ता घेतला, स्वतःचा दिला, दोनदा वाचून घेतला, आणि फोन ठेवला.

त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. ती ते सगळं प्यायली आणि तिने ट्रेकडे बोट केलं.

"त्यात अजून किती आहेत?"

"तीस-पस्तीस असतील."

"आण इकडे. माझ्यासमोर फोड."

"ताई, आता..."

"अरे, त्यात आणखी कुणाचं काय असेल, तुला माहितीये का? मलाही नाही. आण."

ती दोघं पाकिटं फोडत बसली. एका विणकर बाईचा पाय मोडला होता, तिला पायऱ्या नसलेला रस्ता हवा होता. मातीकामवाल्याने माल उतरवायची वेळ तीन पत्रांत तीनदा विचारली होती, प्रत्येक वेळी जरा जास्त नम्रपणे. एका नवीन मुलीने लिहिलं होतं, 'मी साबण करते. प्रश्न वेडगळ वाटला तर माफ करा, पण तिथे स्वच्छतागृह कुठे असतं?'

"यात काय वेडगळ?" वेतवाली म्हणाली. "पहिला प्रश्न हाच असतो. लिहून घे. फाटक कुठलं, वेळ कुठली, टेबल मिळणार की नाही, प्लग आहे का, स्वच्छतागृह कुठे. साधं लिही. यथावकाश लिहिलंस तर बघ."

कारकुनाने परगावी फोन करून साहेबांना गाठलं, हवं ते विचारून घेतलं, आणि संध्याकाळी एका पानाचं पत्र एकशे एकोणतीस जणांना रवाना झालं. त्याच्या तिन्ही पेनांतलं एकही चालत नव्हतं. पाकिटांवरचे पत्ते तिच्या पिशवीतल्या पेनाने लिहिले गेले.

प्रदर्शनाच्या सकाळी सगळ्यांच्या गाड्या एकाच, योग्य फाटकातून आत आल्या. मातीकामवाला तिला म्हणाला, "यंदा ऑफिसला काय झालंय काय? चक्क वेळेवर कळवलं! माझा तर विश्वासच बसेना. मी दुसऱ्या फाटकावरही पोराला उभं करून आलोय."

"सुधारली असतील माणसं," वेतवाली म्हणाली.

बेचाळीस नंबरला टेबल होतं, त्यावर पांढरी चादर होती, आणि वर पाटी होती : लाकडी वस्तू व खेळणी. कारकून धावत आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"ताई, मी लगेच लिहून दिलं होतं वर. पण पाट्या आधीच छापायला गेल्या होत्या. जागाही कुणाला दिली नाही. लोकांना काय वाटेल? काढून टाकतो मी पाटी."

वेतवालीने पाटीकडे बघितलं.

"राहू दे."

"पण रिकाम्या टेबलावर..."

"लोक दर वर्षी येतात त्यांच्याकडे. यंदाही येणार. पाटी नसली तर जागा चुकली म्हणून हॉलभर शोधत फिरतील, आणि कुणी त्यांना सांगणार नाही. पाटी बघून इथे थांबतील, मग मी सांगेन."

तिने आपलं स्टूल उचललं आणि दोन टेबलांच्या मधोमध ठेवलं.

लोक आले. दुपारपर्यंत दहा-बारा, मग आणखी. एक शिक्षिका वर्गासाठी तीस भोवरे न्यायला आली होती. एक आजोबा बुद्धिबळातल्या हरवलेल्या उंटाच्या बदल्यात तसाच उंट मिळेल का, ते बघायला पट घेऊनच आले होते. प्रत्येक वेळी वेतवाली हातातलं काम खाली ठेवायची, उभी राहायची आणि सांगायची, "ते गेले हो. पाच-सहा महिने झाले. झोपेतच. आदल्या दिवसापर्यंत काम करत होते." कुणी नुसतं "अरेरे" म्हणायचं. कुणी जरा वेळ टेबलापाशी उभं राहायचं. शिक्षिकेने मुलीचा पत्ता लिहून घेतला. एवढ्या सगळ्यात एक बाई टोपलीचा भाव पाडायला लागली, तेव्हा वेतवालीने कमरेवर हात ठेवले, आणि मग का कोण जाणे, पहिल्यांदाच, मागितल्या भावात देऊन टाकली.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर एक उंच बाई आली. हाताशी सात-आठ वर्षांची मुलगी. मुलीने पाटी वाचली, टेबलाखाली वाकून पाहिलं आणि आईकडे बघितलं. वेतवाली उठली. तिने तेच शब्द सांगितले, फक्त मुलगी होती म्हणून जरा हळू. बाईने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

मग तिने विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

वेतवालीने तोंड उघडलं. बहीण म्हणावं असं तिला वाटलं, पण ते खरं नव्हतं. ओळखीची म्हणावं, तर तेही नव्हतं.

"शेजारीण," ती म्हणाली.

बाईने मान हलवली, जशी नात्यातल्या माणसापुढे हलवतात तशी, आणि मुलीला म्हणाली, "नमस्कार कर त्यांना."