अडतीस ठोके

दादांनी अहवालाच्या बाराव्या पानावर पेन्सिलीनं ‘चालू ठेवावे’ असं लिहिलं, तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. वेळ त्यांच्या पक्की लक्षात राहिली, कारण समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागं होतं, आणि मागं पडलेलं घड्याळ दिसलं की त्यांना धाकट्या भावाची आठवण यायची. धाकटा घड्याळजी होता.

घरी दादा आणि कामावरही दादाच. चाळीस वर्षं त्यांनी संख्याशास्त्र शिकवलं, दुसऱ्यांच्या दुखण्यांचे तक्ते मांडले आणि निवृत्तीनंतर अशा समित्यांवर बसू लागले. ही समिती तिघांची होती. अध्यक्षबाई हृदयाच्या डॉक्टर, दुसरे औषधशास्त्राचे प्राध्यापक आणि तिसरे दादा. दमलेल्या हृदयासाठी एक नवी गोळी निघाली होती. ती आठशे चोवीस माणसांवर तपासली जात होती. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण पोकळ. कोणाला कुठली, ते रोग्याला ठाऊक नाही आणि त्याच्या डॉक्टरलाही नाही. समितीला मधूनमधून मोजदाद दाखवायची, तीही नुसती ‘अ’ आणि ‘ब’ अशी अक्षरं लावून. अहवाल याच खोलीत वाचायचा, इथंच परत करायचा आणि बाहेर तोंडात मूग धरून बसायचं.

बाराव्या पानावर ‘अ’ गटात नऊ मृत्यू होते आणि ‘ब’ गटात बावीस.

बावीस पाहून दादांना वाईट वाटलं होतं. पण एवढी तफावत नुसत्या योगायोगानंही शंभरात दोनदा दिसते. मध्येच थांबवायचं तर तो योग हजारात पाचाच्या खाली हवा, अशी रेघ दादांनीच तीन वर्षांपूर्वी, एकही माणूस गोळी गिळण्याआधी, ओढून ठेवली होती. “आधी रेघ, मग उडी,” ते विद्यार्थ्यांना सांगायचे. “उडी बघून रेघ ओढणारा स्वतःलाच फसवतो.” म्हणून त्यांनी ‘चालू ठेवावे’ लिहिलं, पेन्सिल कानावर ठेवली आणि उरलेली पानं उगाच चाळायला घेतली.

एकेचाळिसाव्या पानावर अपघातांची आणि इतर किरकोळ घटनांची जोडयादी होती. अशा याद्या दादांनी आजवर कधी नीट वाचल्या नव्हत्या. तिथं लिहिलं होतं:

‘सहभागी ५१७. पुरुष, वय ६३, घड्याळदुरुस्ती. दुकानात स्टुलावरून पडला. डाव्या भुवईवर चार टाके. पडण्याआधी गरगरलं, तेव्हा आपण हातातल्या घड्याळावर स्वतःची नाडी मोजली, ती अडतीस भरली, असे सांगतो. वर्गवारी: अपघात. गट: ब.’

दादांनी ते दोनदा वाचलं. डोळ्यांपुढं अंधारी आलेली असताना घड्याळ बघून स्वतःचे ठोके मोजणारा माणूस साऱ्या जगात एकच होता. गेल्या महिन्यात रविवारी जेवताना त्यांनी भुवईवरचे टाके बघून विचारलं होतं, तर धाकटा म्हणाला, “भिंतीवरचं घड्याळ काढत होतो, स्टूल सरकलं.” भावजय ताटातच बघत राहिली होती. त्याच्या आधी कधीतरी, त्याच ताटावर, दादाच कुरकुरले होते, “अभ्यासांना माणसं मिळत नाहीत रे. सगळ्यांना औषध हवं, पण तपासून घ्यायला कोणी पुढं येत नाही.”

दादा आधी पाणी प्यायले. मग त्यांनी इतक्या वर्षांत न केलेलं काम केलं. पडण्याच्या चौदाही नोंदी अक्षर न् अक्षर वाचल्या. ‘उभी असताना डोळ्यांपुढे काळोख.’ ‘जिन्यात तोल गेला.’ ‘न्हाणीघरात निपचित आढळले.’ चौदांतल्या अकरा जणांचा गट ‘ब’. त्यातले चार मेले होते, आणि चौघेही अपघाताच्या रकान्यात, म्हणून मुख्य मोजणीच्या बाहेर. अडतीस ठोक्यांचं हृदय माणसाला पाडतं, आणि पडलेल्या माणसाची नोंद करणारा ‘पडला’ एवढंच लिहितो. त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात बाविसाच्या जागी सव्वीस धरून गणित केलं. हजारात चार आलं. रेघ ओलांडली गेली होती.

ते गणित त्यांनी लगेच खोडलं. अक्षरं दिसत असताना मेलेली माणसं या रकान्यातून त्या रकान्यात हलवायची नाहीत, हेही त्यांनीच शिकवलेलं. आणि हलवणारा कोण, तर ज्याचा भाऊ ‘ब’मध्ये आहे तो. हे मला आधी का नाही दिसलं? खरंच आहे म्हणून दिसलं, की दिसायला हवं म्हणून दिसलं? दहा वाजून वीस मिनिटांनी ‘चालू ठेवावे’ लिहिणारा माणूस तरी निर्मळ होता. पण त्यानं हे पान वाचलंच नव्हतं.

“बोला,” अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. “मला बावीस बघवत नाहीत. माझं मत थांबवा.”

“तुमचं हृदय मऊ आहे, म्हणूनच त्याची डॉक्टर झालात,” प्राध्यापक म्हणाले. “रेघ ओलांडलेली नाही. आज थांबवलं तर गोळी चांगली की वाईट ते कधीच कळणार नाही. चालू. दादांचंही तेच असणार, रेघ त्यांचीच.”

दोघं दादांकडे बघू लागले. एक मत टाकलं की झालं होतं. ‘थांबवा’ म्हणायचं, पडझडीची नोंद दाखवायची, आणि पाच-एक-सात म्हणजे कोण, ते कोणाच्या बापालाही कळलं नसतं. दादांनी तोंड उघडलं. दर वर्षी ते एका कागदावर सही करायचे, ‘माझा कोणीही नातलग सहभागी नाही.’ यंदाची सही कालच, आनंदानं, वळणदार अक्षरात केली होती.

“एकेचाळीस पान,” ते म्हणाले. “पाच-एक-सात माझा भाऊ आहे.”

मग दादांनी पडझडीचंही सांगितलं, अडखळत, वर्गात पहिल्यांदा फळ्यापुढं आलेल्या पोरासारखं.

“दादा,” प्राध्यापक हळू पण टोचून म्हणाले, “दुसऱ्याचा भाऊ असता तर हे पान उघडलं असतंत? आपला तो बाब्या...”

“पुरे हो,” बाई म्हणाल्या.

“नसतं उघडलं,” दादा म्हणाले. “तेच तर सांगतोय.”

नियमाप्रमाणे त्यांना उठावं लागलं. बाहेर पॅसेजमध्ये लाकडी बाक होता, त्यावर ते गुडघ्यांवर हात ठेवून बसले. आता आत एक विरुद्ध एक उरले होते. मतं समान पडली तर अभ्यास चालू राहील, असं नववं कलम होतं, आणि त्याचा मसुदाही दादांच्याच हातचा. खरं बोलून त्यांनी भावाच्या बाजूचं निर्णायक मत घालवलं होतं. खोटं बोलले असते तर ते मत खोटंच ठरलं असतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

पाऊण तासानं बाई बाहेर आल्या.

“चौदाही नोंदी अक्षरं झाकून बाहेरच्या दोन डॉक्टरांकडे जातील. ते सांगतील कोण पडलं आणि कोणाचं हृदय थांबलं. एवढं प्राध्यापकांकडून कबूल करून घेतलं मी. पंधरा दिवस लागतील.”

“आणि तोवर?”

“तोवर चालू.” त्या दादांकडे न बघता म्हणाल्या, “बाहेर एक शब्द नाही, दादा. भावालासुद्धा.”

“भावाला तर नाहीच,” दादा म्हणाले, आणि तेव्हा ते त्यांच्या मनात होतंही.

रोज एक गोळी. पंधरा दिवसांत पंधरा. दुपारभर ते रस्त्यांनी फिरले. घरी जायला निघाले की पाय दुसरीकडेच वळत. पावणेसहाला ते भावाच्या दुकानापुढं उभे होते.

दुकान म्हणजे एक लांबट फळी, तिच्यावर दिवा, मागं भिंतभर घड्याळं. धाकटा डोळ्याला भिंग लावून चिमट्यानं एक चाक उचलत होता.

“ये. काय रे दादा, तोंड असं का उतरलंय? आज कोणाची सरासरी बिघडवलीस?”

“तू नाडी मोज तुझी.”

“आल्या आल्या? बस तरी.” धाकट्यानं भिंग काढलं. मग सवयीनं फळीवरची एक छोटी बाटली फडक्याखाली सरकवली. पण बाटलीवरचा आकडा दादांना दिसला होता.

“लपवू नकोस,” ते म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर त्यांना कळलं की शब्द तोंडातून गेला.

धाकट्यानं फडकं उचललं. “कोणी सांगितलं तुला? घरून फोन आला का?” उत्तर येईना, तसा तो भावाचं तोंड वाचू लागला. साठ वर्षं तो ते वाचत आला होता. “असं होय. तू यातच आहेस. याच गोळीच्या कामात.”

दादा एका लंबकाकडे बघत राहिले.

“सांगणार होतो रे. पण तू नाही म्हणाला असतास. तूच म्हणालास ना, माणसं मिळत नाहीत? म्हटलं एक घड्याळवाला जाईल. समोरच्या न्हाव्यालाही घेऊन गेलो. तो म्हणाला, तुमचे दादा त्या विद्येतले आहेत, मग भ्यायचं काय?”

“स्टुलावरून पडलास, की आधी गरगरलं?”

“गरगरलं. अडतीस होते. सांगितलं मी दवाखान्यात, लिहूनही घेतलं त्यांनी. घड्याळ मंद चालायला लागलं तर मी उघडून बघतो, त्यांनी नुसती भुवई शिवली.” तो हसला. “आता बरं आहे. चव्वेचाळीस असतात.”

भिंतीवरच्या घड्याळांनी सहाचे ठोके द्यायला सुरुवात केली, एकाच्या मागं एक, काही पुढं, काही मागं. धाकट्यानं बाटली उघडली आणि तळहातावर गोळी घेतली. सहाचा नेम तो कधी चुकवत नसणार.

दादांनी त्या तळहातावर आपला हात ठेवला.

“सोड.”

दादांनी सोडला नाही.

“तोंडानं सांग, दादा.”

“तोंडानं सांगता येत नाही.”

दोघं हात तसेच धरून उभे राहिले. बाहेरून कोणी बघितलं असतं तर म्हातारी माणसं पंजा लढवतायत असं वाटलं असतं. मग धाकट्याचा हात ढिला पडला. त्यानं गोळी एका रिकाम्या घड्याळाच्या काचेत ठेवली, जसा एखादा नाजूक स्क्रू ठेवावा.

“म्हणजे न्हाव्यानंही नाही घ्यायची?”

“त्याचं मला माहीत नाही.”

“त्याचं माहीत नाही.” धाकट्यानं मान डोलावली. “म्हणजे माझं माहीत आहे.”

एका वाक्यात दादांनी सगळं उघडं केलं होतं. आता धाकटा समोर जाईल, न्हावी आपल्या गिऱ्हाइकाला सांगेल, गिऱ्हाईक त्याच्या घरी सांगेल. माणसं गोळ्या फेकतील, ज्यांना तीच तारत असेल तीही. अक्षरं झाकून वाचणाऱ्या डॉक्टरांचे पंधरा दिवस पाण्यात जातील. ‘ब’ गट काय होता ते मग कधीच कळणार नाही, आणि बावीस की सव्वीस, जी गेली ती फुकट गेली.

“थांब,” ते म्हणाले. “कुठं चाललास?”

“कुठं म्हणजे? मीच नेलं ना त्याला? त्याला दादा नाही, मी आहे.”

तो रस्त्यावर उतरला. अर्ध्यावर जाऊन विजेच्या खांबाला धरून उभा राहिला. दोन बोटं मनगटावर, नजर घड्याळावर. दादाही दारातून सेकंद मोजू लागले. जवळजवळ मिनिट तसं गेलं. एक सायकलवाला त्याला वळसा घालून गेला. मग धाकटा हळूहळू पलीकडं पोचला.

न्हाव्याच्या दुकानाच्या काचेतून सगळं दिसत होतं, ऐकू मात्र येत नव्हतं. धाकटा बोलला. न्हाव्याचा वस्तरा हवेत थांबला. मग दोघांनी एकदम वळून रस्त्यापलीकडं, दादांकडं बघितलं. इतक्या वर्षांत आठशे चोवीसांतल्या एकाही माणसानं असं त्यांच्याकडं बघितलं नव्हतं. दादांनी खिशात हात घातला. अध्यक्षबाईंना आजच लिहायला हवं होतं की आपल्या हातून काय झालं. खिशात फक्त पेन्सिल होती.

न्हावी बाहेर आला. खांद्यावर टॉवेल, बोटांना साबणाचा फेस, हातात तशीच बाटली. मागं खुर्चीत एक गिऱ्हाईक अर्धी दाढी झालेलं, मान वळवून बघत होतं. न्हाव्यानं रस्ता ओलांडला आणि बाटली दादांच्या पुढं धरली. तिच्यावर लिहिलं होतं ५१८.

“दादा,” तो म्हणाला, “आणि मी?”

पाचशे अठरा. एकाला ‘ब’ आला म्हणून दुसऱ्याला ‘अ’ येतो असं नसतं. चिठ्ठी निघेल तसं. निम्म्याला निम्मं. हे ‘निम्मं’ दादांनी हजार वेळा फळ्यावर लिहिलं होतं, आणि लिहून झाल्यावर हात झटकले होते.

“मला ठाऊक नाही,” ते म्हणाले. “खरंच ठाऊक नाही.”

मागं दुकानात, दुरुस्तीला आलेलं एक मंद घड्याळ आता कुठं सहाचे ठोके देऊ लागलं.

“तसं नका करू,” न्हावी म्हणाला. “घ्यायची की नाही, एवढंच सांगा. माझी वेळ टळून चालली.”