वाळूतले सात दिवस

आमच्या घरात मोबाईलसुद्धा माझ्या डोळ्यांसमोर चार्ज होतो. वासंती, माझी बायको, म्हणते, "अहो, अति करता." करतो. विमा कंपनीत तीस वर्षं जळालेली गोदामं तपासली, शेवटी शेवटी बॅटरीवरच्या जळालेल्या स्कूटरी. बदलीनं जयपूरला आलो, विद्याधर नगरात स्थिरावलो, पण नाकातला तो जळका वास गेला नाही.

आणि माझीच पोरगी, अनुया, इथल्याच झालाना भागातल्या एका प्रयोगशाळेत लिथियमच्या बॅटऱ्या बनवते. मार्चमध्ये मनगट भाजून घरी आली, तेव्हा मी सरळ सांगितलं, नोकरी सोड. महिनाभर घरात धुसफूस चालली. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, शनिवारी या. तुमच्यासमोर माझा सेल पेटला तर सोडते."

गेलो. पेटणार याची मला खात्रीच होती, खोटं कशाला बोलू.

जाड काचेमागे दोन चपटे सेल होते. एकात शुद्ध लिथियमचा पत्रा. चार्ज होताना त्यावर बारीक सुया उगवतात, मधला पडदा फाडतात आणि आग लागते. दुसरा अनुयाचा. त्याच्या पत्र्यात तिनं मॅग्नेशियम मिसळलेलं, म्हणजे लिथियम सपाट बसतं आणि सुया उशिरा उगवतात.

"उशिरा? म्हणजे उगवतात तर," मी लगेच पकडलं.

"मतलब, कधीच नाही असं मी म्हणणार नाही."

विमा एजंट झाली असती तर एक पॉलिसी खपली नसती हिच्याच्यानं.

मुद्दाम दामटून चार्जिंग सुरू केलं. चाळीस मिनिटांत साधा सेल पुरीसारखा फुगला आणि भडकला. तिचा सेल मात्र दुपारभर चालला. वासंतीनं दिलेल्या दशम्या आम्ही आळीपाळीनं व्हरांड्यात जाऊन खाल्ल्या, कारण दोघांनी एकदम काचेसमोरून हलायचं नाही, असा अनुयाचा नियम. साडेचारला तिनं बटण बंद केलं. सेल नुसता कोमट झाला होता.

"हरलात, बाबा."

हरलो होतो, पण मन मानेना. आग एकदा लागली नाही म्हणजे लागतच नाही, असं म्हणणाऱ्यांचेच दावे मी जन्मभर तपासले. म्हणून मुद्दाम म्हटलं, "एवढा चांगला आहे ना? दे इकडे. आईला दाखवायला घरी नेतो."

"अजिबात नाही." तिनं चिमट्यानं सेल वाळूच्या पेटीत ठेवला आणि झाकणावर तारीख लिहिली. "सात दिवस इथून हलणार नाही. तुम्ही मागितला तरी."

"पेटला नाही की."

"म्हणून काय झालं?"

हेच मी तीस वर्षं लोकांना सांगत फिरलो, कुणी कानावर घेतलं नाही. घरात एकजण ऐकत होती म्हणायची. मला फार बरं वाटलं.

घरी पोचताच वासंतीनं विचारलं, "मग, काय ठरलं?"

"सोमवारपासून डब्यात दोन दशम्या जास्त घाल," मी म्हटलं. "तिला दिवसभर काचेसमोर उभं राहावं लागतं."