टटलसाहेब नदीच्या मधोमध

आमचे न्यायाधीश अझेल टटल हे कातडी कमावणाऱ्याचे चिरंजीव. कायदा शिकले ते वडिलांच्या हौदाकाठी, एका हातात पुस्तक नि दुसऱ्या हातानं नाक धरून. इंग्लंडच्या राजाशी लढाई जुंपली तेव्हा ते गावच्या समितीत होते. लढाईतच जिल्ह्याचे न्यायाधीश झाले, आणि वर गाव त्यांना दरवर्षी कनेक्टिकटच्या विधानसभेवरही निवडून देई. मी पेलेग, त्यांचा कारकून.

सतराशे चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात आम्ही अधिवेशनासाठी हार्टफर्डला निघालो. घोडी अलीकडच्या खानावळीत बांधली आणि नदी ओलांडायला होडीत बसलो. वल्ह्यांवर मेहिटेबल स्पाइसर होती. तिला बघून मी साहेबांच्या पाठीमागं सरकलो.

कारण मार्चमध्ये साहेबांनीच तिच्याविरुद्ध निकाल दिला होता. होडी चालवायचा परवाना तिच्या नवऱ्याच्या नावानं होता. तो वारला, आणि साहेबांनी परवाना दिला तिच्या दिराला, जेडेडायाला. आता हा जेडेडाया गुडघाभर पाण्यालाही भ्यायचा. त्यामुळे तो काठावर ओकच्या सावलीत बसून उतारूंचे पैसे घ्यायचा आणि वल्ही मेहिटेबलच मारायची.

ऐन मधोमध तिनं वल्ही उचलून आत ठेवली.

"काय झालं, बाई?" साहेबांनी विचारलं.

"हात दुखले. परवाना भावोजींचा आहे, त्यांना हाक मारा. येतील पोहत."

"हा न्यायालयाचा अवमान आहे!"

"न्यायालय काठावर राहिलं, साहेब. इथं पाणी आहे आणि मी आहे."

होडी प्रवाहाबरोबर वाहू लागली. मला पोहता येत नाही. "साहेब, आपण समुद्राकडे चाललोय," मी म्हणालो.

"पेलेग, गप्प बस!" दोघं एकदमच ओरडले.

मेहिटेबल साहेबांकडे वळली. "लढाईत तुमच्या समितीची पोरं बंदुकांसकट मी नदीपार केली, तेव्हा कुणी विचारलं होतं परवाना कुणाचा म्हणून?"

"नव्हतं विचारलं. मीच धाडलं होतं त्यांना तुमच्याकडे." साहेबांचा आवाज खाली आला. "तो निकाल देऊन मलाही धड झोप लागली नाही, बाई. पण कायद्यात विधवेचं नावच नाही, मी काय करू? न्यायाधीश कायदा वाचतो, करत नाही."

"बरं. मग आत्ता कुठं निघालात?"

"विधानसभेत."

"तिथं काय करतात?"

साहेबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग त्यांना जे हसू फुटलं, ते थांबेचना. होडी इतकी हलली की मी दोन्ही हातांनी फळी धरली.

"घ्या वल्ही," डोळे पुसत ते म्हणाले. "उशीर होतोय. मला कायदा करायचाय."

तिसऱ्या दिवशी त्यांनी सभागृहात ठराव मांडला, की नवऱ्याचा परवाना त्याच्या विधवेला मिळावा. "आज बाईला होडी दिली, तर उद्या ती तुमची खुर्ची मागेल!" मागून एकजण ओरडला. सगळे खो खो हसले.

"मागू दे की," साहेब म्हणाले. "माझी उलटतपासणी तिनं तुमच्यापेक्षा चांगली घेतली आहे."

ठराव सात मतांच्या फरकानं मंजूर झाला.

परतताना होडीत बसल्याबरोबर साहेबांनी तिच्या नावाचा परवाना मेहिटेबलच्या हातात दिला. तिनं तो दोनदा वाचला आणि एप्रनच्या खिशात ठेवला. मग पानांत गुंडाळलेला एक जाडजूड शॅड मासा साहेबांच्या मांडीवर ठेवला. जेडेडाया दोन दिवस फुरंगटून बसला. पुढे त्याच ओकखाली तो सफरचंदाची दारू विकू लागला आणि त्यात छान रमला.

पण त्या परतीच्या दिवशी आम्ही अजून निम्मीच नदी ओलांडली होती. मेहिटेबलनं घसा साफ केला.

"साहेब, धक्क्यावरून वर जाणारा रस्ता पार वाहून गेलाय. तेही विधानसभेच्याच हातात असतं ना?"

साहेबांनी आधी वल्ह्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पेलेग, कागद काढ. लवकर!"