येतानाची वाट

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे, आणि म्हातारपणाची तक्रार करायला मुळीच बसलेलो नाही. तुमच्या घरी भिंतीवर असतो ना, दोन शिंगांचा डबा? तो माझा धाकटा चुलतभाऊ. मी मात्र एका संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर, लोखंडी कपाटात, चार स्क्रूंवर ठाण मांडून आहे. इथे बारा महिने गारठा असतो. माणसे स्वेटर घालून येतात आणि शिंकत जातात.

कारखान्यात मला तीन दिवस तापवले, गार केले, पुन्हा तापवले. एवढे सोसून मी पास झालो. खोक्यातून मला बाहेर काढले ते मामांनी. मामा इथले नेटवर्क इंजिनिअर. संचालकांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात. पहिली दोन वर्षे माझा काय थाट होता! पाहुणे आले की मामा त्यांना आधी माझ्यापुढे आणून उभे करीत. मग शेजारी नवी चकाचक यंत्रे आली आणि माझ्यावर धूळ साचू लागली.

माझे काम माहितीची वाट निवडण्याचे. दूरच्या रेडिओ दुर्बिणीकडे आमच्या दोन वाटा जातात. एक रुंद आणि सरळ; दुसरी अरुंद, तीन गावे फिरून जाणारी. प्रत्येक वाटेला एक आकडा लावलेला असतो, त्याला कॉस्ट म्हणतात. आकडा लहान असेल ती वाट आम्ही धरतो, मोठा असेल ती टाळतो. रुंद वाटेला दहा, अरुंद वाटेला शंभर. केबलची दुरुस्ती निघाली की मामा रुंद वाटेला पाच हजार लावतात, म्हणजे तिकडे कोणी फिरकत नाही. काम झाले की पुन्हा दहा.

एके दिवशी सकाळी अकरा वाजता खगोलशास्त्रज्ञ ताई धापा टाकत खाली आल्या. दुर्बिणीने टिपलेली माहिती त्यांना तासाभरात मिळायला हवी होती आणि संगणकाचा पडदा सांगत होता, नऊ तास! ती माहिती पाहून दुपारी चारच्या आत दुर्बीण नेमकी कुठे वळवायची ते कळवायचे होते. नाहीतर दुर्बीण दुसऱ्या गटाकडे जाणार आणि ताईंचा पुढचा नंबर दोन वर्षांनी.

मामांनी माझे आकडे तपासले. “वाट तर बरोबर आहे, ताई. इथे दहाच आहे. हा डबाच थकलाय. काढतो आणि नवा बसवतो.”

“किती वेळ लागेल?”

“संध्याकाळ होईल.”

ताईंचा चेहरा पडला. मामांनी पेचकस घेतला. एक स्क्रू निघाला, दुसरा निघाला, तिसराही निघाला. मित्रांनो, दोष माझा नाही हे मला ठाऊक होते, पण तोंड कुठे आहे मला? मी फक्त जाणाऱ्या माहितीची वाट ठरवतो. येणाऱ्या माहितीची वाट पलीकडच्या टोकाचा राउटर ठरवतो, आणि त्याचे आकडे त्याच्यापाशी असतात.

तेवढ्यात ताई म्हणाल्या, “मामा, मला काही पाठवायचं नाहीये हो, मागवायचंय. ते येतंय कुठून, ते बघितलंत का?”

मामांचा हात जागीच थांबला. खुर्ची ओढून त्यांनी पलीकडच्या राउटरवर लॉगिन केले. त्या गारठ्यातही त्यांना घाम फुटला. तिथे रुंद वाटेवर पाच हजार होते! सगळी माहिती बिचारी तीन गावे फिरून येत होती.

“मंगळवारी दुरुस्ती होती,” मामा हळूच म्हणाले. “दोन्हीकडे पाच हजार मीच टाकले. इकडचे काढले, तेवढ्यात साहेबांचा फोन आला आणि तिकडचे राहूनच गेले. माझीच चूक, ताई. आणि मी उगीच ह्या गरिबाला बोल लावला.”

“ते राहू द्या. आधी आकडा बदला!”

मामांनी दहा टाकले. मित्रांनो, मग काय माहिती आली म्हणता! माझे सगळे दिवे एकदम लुकलुकू लागले. एक वाजायच्या आत सगळे ताईंच्या हाती होते. साडेतीनला त्यांचा निरोप दुर्बिणीकडे निघाला, आणि तो मी स्वतः रुंद वाटेने पोहोचवला. आनंदाने माझा ऊर भरून आला.

संध्याकाळी मामांनी तिन्ही स्क्रू पुन्हा बसवले आणि जुन्या रुमालाने मला पुसले. आता दुरुस्ती संपली की ते पलीकडे फोन लावतात आणि म्हणतात, “तुमच्याकडचा आकडा वाचून दाखवा. मोठ्यानं!”

मित्रांनो, आम्हा यंत्रांना पुसा, जपा, एवढे मागणे आहेच. पण कधी काही अडले आणि समोरच्यावर खापर फोडावेसे वाटले, तर क्षणभर थांबा आणि पलीकडच्या टोकालाही विचारा. समोरचा गप्प आहे म्हणून तोच चुकला, असे धरून चालू नका. मी गप्पच होतो, आणि माझा एकच स्क्रू उरला होता.